पोटाला मुका मार: पहिली तपासणी नॉर्मल आलेल्या रुग्णाचं काय करायचं?

प्रश्न विचारणारे डॉक्टर ग्रामीण रुग्णालयात पहिल्याच पोस्टिंगवर आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आठवड्याला दोन-तीन तरी अपघाताचे रुग्ण येतात. पोटावर मार बसलेला असतो, पण बाहेरून खरचटण्यापलीकडे काही दिसत नाही. बीपी बरं असतं, सोनोग्राफी झालीच तर तीही नॉर्मल येते. आणि त्यातलाच एखादा रात्रीतून बिघडतो. हे रुग्ण साधारण असतात कसे, आणि बिघडणारा आधी ओळखायचा कसा?

डॉक्टर, मी पश्चिम महाराष्ट्रात वीस वर्षांहून जास्त काळ जनरल सर्जन म्हणून काम करतोय, त्यातली बरीच वर्षं सरकारी रुग्णालयात. वेळेत उघडलेली पोटं पाहिली आहेत आणि उशिरा उघडलेलीही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एका केसपेपरबद्दल सांगतो. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा. उसाच्या हंगामात रात्री मोटारसायकलवरून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून धडकलेला. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. स्वतःच्या पायांनी चालत कॅज्युअल्टीत आला, बाकड्यावर बसला आणि भावाला चहा आणायला सांगितला. पोट मऊ. डाव्या बरगडीखाली थोडं दुखत होतं, पण त्याची मुख्य तक्रार वेगळीच होती: 'डावा खांदा लई ठणकतोय.' ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी खांद्याचा एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नव्हतं, दुखण्याचं इंजेक्शन दिलं. त्या रात्रीच्या सिस्टर मात्र खमक्या होत्या. कोणी सांगितलं नसताना दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि बीपी लिहीत राहिल्या. कागदावर एकाखाली एक आकडे असे होते: नाडी ८८, बीपी १२४/७६. नाडी ९६, बीपी १२२/८०. नाडी १०८, बीपी १२०/८६. नाडी ११८, बीपी ११८/९२.

नुसतं वरचं बीपी बघणाऱ्याला यात काहीच सापडणार नाही. पण पाऊण तासात नाडी तीसने चढली आणि वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर ४८ वरून २६ वर आलं. सिस्टरांनी मला फोन केला तेव्हा मुलगा नीट बोलत होता, फक्त कपाळावर घाम होता आणि तळहात गार पडले होते. पोट उघडलं तर दीड लिटरच्या वर रक्त. प्लीहा, जिला आपल्याकडची जुनी माणसं पाणथरी म्हणतात, ती मधोमध फाटलेली.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या चार ओळींत आहे. तरुण, धडधाकट माणूस तीस टक्क्यांपर्यंत रक्त गमावूनही वरचं बीपी टिकवून धरतो. ७० किलोच्या माणसात ते जवळजवळ दीड लिटर होतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात म्हणून खालचं बीपी वर सरकतं आणि दोन आकडे जवळ येतात. वरचं बीपी खरोखर पडतं तेव्हा तुमच्या हातातला बराचसा वेळ गेलेला असतो. एक सोपा हिशोब मी आजही करतो: नाडीला वरच्या बीपीने भागायचं. निरोगी माणसात उत्तर ०.५ ते ०.७ येतं. ०.९ च्या वर गेलं की सावध व्हायचं, १ ओलांडला की रक्त मागवायचं आणि गाडी बोलवायची. त्या मुलाचं पहिलं उत्तर ०.७ होतं, शेवटचं बरोबर १. आणि हिमोग्लोबिनवर पहिल्या दोन-चार तासांत भरवसा ठेवू नका. रक्त गेलं ते पेशी आणि पाणी मिळून गेलं. उरलेलं पातळ व्हायला वेळ लागतो, तोवर रिपोर्ट १३ दाखवत राहतो.

खांद्याचं म्हणाल, तर ते दुखणं खांद्याचं नव्हतंच. प्लीहेतून सांडलेलं रक्त डाव्या बाजूच्या श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं, की तिथली नस मज्जारज्जूच्या मानेतल्या ज्या भागात जाते, तिथेच खांद्याच्या वरच्या भागाची संवेदना पोचते. मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. जर्मन सर्जन केर यांच्या नावाने हे लक्षण ओळखलं जातं. खांद्यावर व्रण नाही, हात हलवला तर दुखणं वाढत नाही, पण आडवं करून पायाकडची बाजू उचलली की वाढतं, असं असेल तर पोटाकडे वळा.

आता हे रुग्ण असतात कसे. सगळ्यात जास्त तरुण पुरुष, वीस ते चाळिशीच्या दरम्यानचे, बहुतेक दुचाकीवरचे. देशात २०२२ साली रस्त्यांवर ४ लाख ६१ हजारांवर अपघात झाले आणि १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. त्यात दुचाकीवाल्यांचा वाटा सर्वांत मोठा, चाळीस टक्क्यांहून जास्त. पण तालुक्याच्या ठिकाणी पोटाचा मुका मार केवळ रस्त्यावर बसत नाही. बैलाने ढुशी दिलेला शेतकरी येतो. कातडीला शिंग लागलेलं नसतं, म्हणून घरचे हळद लावून दोन दिवस थांबलेले असतात. उलटलेल्या ट्रॅक्टरखाली सापडलेला येतो. कोकणात माडावरून, आंब्यावरून पडलेले येतात. विहिरीच्या कामावर दगड पडलेले, दहीहंडीच्या थरांवरून कोसळलेले, कबड्डीत पोटात गुडघा बसलेलेही येतात. मार कसा बसला हे दोन मिनिटं जास्त देऊन विचारा. हँडल पोटात घुसलं, की माणूस उडून सपाट पडला, की चाक पोटावरून गेलं, यावर आत काय सापडेल हे बरंचसं ठरतं.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. 'जिन्यावरून पडले,' 'म्हशीने लाथ मारली' असं सांगणारी बाई, शेजारी नवरा किंवा सासू उभी, आणि ती बोलताना आधी त्यांच्याकडे बघते. तिला एकटीला आत घ्या, सिस्टरला सोबत ठेवा आणि पुन्हा विचारा. पोटात बसलेली लाथ स्वादुपिंड मणक्यावर चेचू शकते, आणि खरी हकीकत कळली नाही तर ते तुमच्या ध्यानातही येणार नाही. ती गरोदर असेल तर पोट दुखत नसलं तरी निदान चार तास बाळाचे ठोके आणि गर्भाशयाच्या कळा बघा. वार, म्हणजे बाळाची नाळ जिथून निघते ती, गर्भाशयापासून सुटली तर रक्त बाहेर न येता आतच साठू शकतं. पाच महिन्यांच्या पुढे असेल तर तिला उताणी ठेवू नका, थोडी डाव्या कुशीवर कलती ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका.

आत कुठला अवयव फाटतो याचा क्रम तुम्ही पुस्तकात वाचलाच असेल: प्लीहा आणि यकृत सर्वांत पुढे, मग लहान आतडं आणि त्याचा पडदा, मूत्रपिंड, आणि मागे राहतात स्वादुपिंड, मूत्राशय, श्वासपटल. डावीकडच्या खालच्या बरगड्या मोडल्या तर प्लीहा, उजवीकडच्या मोडल्या तर यकृत शाबूत आहे हे सिद्ध होईपर्यंत फाटलेलं धरा. लहान मुलांत बरगडी लवचीक असते, ती मोडत नाही आणि आतला अवयव फाटतो, तेव्हा मुलाच्या नॉर्मल एक्स-रेने समाधान मानू नका. गडचिरोलीसारख्या मलेरियाच्या भागात काम करत असाल तर आधीच वाढलेली प्लीहा किरकोळ धक्क्यानेही फुटते. आणि दारू पिऊन, लघवी तुंबलेल्या अवस्थेत आदळलेला माणूस: भरलेलं मूत्राशय वरच्या बाजूने फुग्यासारखं फुटतं. लघवी पोटात जाते, पण तिचा दाह लगेच होत नाही, म्हणून सुरुवातीला पोट फारसं कडक होत नाही. 'काल रात्रीपासून लघवी झाली नाही' हे त्याचं एकच वाक्य महत्त्वाचं. मात्र लघवीच्या जागी रक्ताचा थेंब दिसला तर कॅथेटर घालू नका, मूत्रमार्ग तुटलेला असू शकतो.

माझ्या दृष्टीने दोन प्रकारचे रुग्ण वेगळे ओळखायला हवेत. पहिला रक्त सांडणारा. तो तासांत बिघडतो आणि नाडी त्याची चुगली करते. दुसरा आतडं फाटलेला. त्याला रक्त फारसं जात नाही, नाडी सुरुवातीला बरी, आणि तो बारा, चोवीस, कधी छत्तीस तासांनी बिघडतो. सोनोग्राफीच्या भरवशावर घरी पाठवला जातो तो हाच.

माझ्याकडूनही गेला आहे. नऊ वर्षांचा मुलगा, सायकलवरून पडला आणि हँडलचं टोक बेंबीच्या वर रुतलं. तिथे एक रुपयाच्या नाण्याएवढा गोल, लालसर वळ होता. सोनोग्राफीत पाणी नाही, रक्त नाही. मुलगा हसत होता, बिस्कीट खाल्लं. मी घरी सोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याची आई त्याला कडेवर घेऊन आली, एवढा मोठा मुलगा कडेवर, कारण सरळ उभं राहिलं की पोट दुखत होतं. पोट लाकडासारखं, ओठ कोरडे, नाडी १५०. लहान आतड्याला सुरुवातीच्या भागात, मणक्याच्या बरोबर समोर, भोक पडलेलं होतं. मुलगा वाचला, पण अठरा दिवस रुग्णालयात राहिला, आणि पहिल्याच रात्री मी त्याला ठेवून घेतलं असतं तर तो आठवड्यात घरी गेला असता. तो गोल वळ मी पाहिला होता. त्याचा अर्थ मी त्या दिवशी लावला नाही. आता हँडलचा वळ असलेलं एकही मूल मी चोवीस तासांच्या आत सोडत नाही. तोच नियम गाडीच्या सीटबेल्टचा आडवा वळ असलेल्या मोठ्या माणसाला. पट्टा पोटावर आला असेल तर आतडं आणि कमरेचा मणका, दोन्ही तपासा.

म्हणून सोनोग्राफी काय सांगते ते नीट समजून घ्या. अपघातात आपण जी झटपट सोनोग्राफी करतो ती चार ठिकाणी बघते: यकृत आणि उजव्या मूत्रपिंडाच्या मधे, प्लीहा आणि डाव्या मूत्रपिंडाच्या मधे, ओटीपोटात, आणि हृदयाभोवती. तिला विचारलेला प्रश्न एकच असतो, मोकळं रक्त आहे का. साधारण २०० मिलीलिटर साठल्याशिवाय ते तिलाही दिसत नाही. मार लागून वीस मिनिटं झाली असतील तर तेवढं साठलेलंच नसेल. आतड्याचं भोक, स्वादुपिंडाची चीर, पाठीमागच्या बाजूला साठलेलं रक्त हे तिच्या कक्षेबाहेरचं. सोनोग्राफी पॉझिटिव्ह आणि रुग्ण ढासळतोय, तर थेट ऑपरेशन. निगेटिव्ह आली तर तासा-दोन तासांनी पुन्हा करा. रुग्ण स्थिर आहे आणि शंका आहे, तर शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन. ढासळत्या रुग्णाला सीटीच्या टेबलावर नेऊ नका; तिथे त्याच्याजवळ कोणी नसतं. स्वादुपिंडाच्या बाबतीत पहिल्या काही तासांत सीटीही फसवतो आणि अमायलेज ही रक्ताची तपासणीही. पाठीत जाणारं दुखणं वाढत असेल तर दोन्ही पुन्हा करा.

तुमच्याकडे सीटी नाही, रात्री सोनोलॉजिस्ट नाही, हे मला माहीत आहे. पण पोटावर पुन्हा पुन्हा हात ठेवायला यंत्र लागत नाही. शक्यतो तोच हात, तोच डॉक्टर, दर दोन तासांनी. हात आधी ऊबदार करून घ्या. मुलांना, म्हाताऱ्यांना गार हात लागला की पोट आपोआप कडक होतं. दुखत नाही त्या बाजूने सुरुवात करा आणि हात पोटावर असताना डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवा. 'दुखतंय का?' असं विचारण्यापेक्षा 'खोकून दाखवा' म्हणा. खोकताना जो हात पटकन पोटावर नेतो त्याच्या आत काहीतरी आहे. पोट टेपने मोजत बसू नका. ते फुगण्याइतकं रक्त साठेपर्यंत माणूस राहत नाही. नाडी, दोन्ही बीपी, श्वास, तासाची लघवी (वजनाच्या दर किलोला अर्धा मिलीलिटर तरी हवी), आणि पोटाची एक ओळ, हे सगळं वेळेसकट लिहा. शुद्धीवर नसलेला, दारू प्यालेला, मणका मोडलेला, यांचं पोट तुम्हाला काही सांगणारच नाही. त्यांना सीटीची सोय असलेल्या ठिकाणीच पाठवा. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्यांची नाडी रक्त गेलं तरी चढत नाही, तेव्हा घरच्यांना गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा.

रक्त जातंय अशी शंका आली तर दोन मोठ्या सुया लावा, पण सलाईनच्या बाटल्या मोकळ्या सोडू नका. आम्ही शिकत होतो तेव्हा दोन-तीन लिटर सलाईन चढवणं हीच शिस्त होती. आता एका लिटरच्या आत थांबून रक्ताकडे वळायचं हे मान्य झालेलं आहे, कारण गार सलाईनने रक्त पातळ होतं, शरीर थंडावतं आणि गुठळी धरत नाही. डोक्याला मार नसेल तर वरचं बीपी ८०-९० च्या आसपास, मनगटाला नाडी लागते आणि माणूस शुद्धीवर आहे, इतकं पुरे. ट्रानेक्सॅमिक ॲसिड हे रक्तस्राव कमी करणारं औषध तुमच्या कपाटात असतंच, बाळंतपणासाठी ठेवलेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ या वीस हजारांवर रुग्णांच्या चाचणीने दाखवलं की मार लागल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. १ ग्रॅम दहा मिनिटांत, पुढचा १ ग्रॅम आठ तासांत. तीन तास उलटून गेले असतील तर देऊ नका, उलट नुकसान होतं. ओटीपोटाचं हाड हलतंय असं वाटलं तर पुन्हा पुन्हा दाबून खात्री करू नका. चादरीची घडी मांड्यांच्या वरच्या हाडाच्या उंचवट्यावर घट्ट गुंडाळा. कमरेवर बांधली तर उपयोग नाही. आणि ब्लँकेट घाला. अपघाताचा रुग्ण तपासणीसाठी उघडा केलेला असतो आणि पंखा चालू असतो, हे मी अजूनही रोज बघतो.

प्लीहा फाटली म्हणजे ऑपरेशन, असं मात्र आता राहिलेलं नाही. १९६८ साली टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातून उपाध्याय आणि सिम्पसन यांनी मुलांच्या प्लीहेच्या जखमा आपोआप भरून येतात हे मांडलं. त्यातले उपाध्याय पुढे दिल्लीच्या एम्समध्ये बालशल्यचिकित्सेचे प्रमुख झाले. आज स्थिर असलेल्या रुग्णांत मुलांचीच नाही, मोठ्यांचीही बहुतेक प्लीहा आणि यकृत आपण न कापता सांभाळतो. पण 'न कापता' याचा अर्थ निवांत असा घेऊ नका. त्याला आयसीयू हवं, जुळवून ठेवलेलं रक्त हवं, आणि रात्री दोनला पोट उघडू शकेल असा सर्जन आणि भूलतज्ज्ञ हवा. पहिले तीन दिवस सर्वांत जोखमीचे. तुमच्या रुग्णालयात हे नसेल तर स्थिर दिसणारा रुग्णही स्थिर असतानाच पाठवा.

पाठवताना १०८ ला फोन करा, आणि जिथे पाठवताय तिथल्या सर्जनलाही. चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी पाठवत आहे' एवढंच नको. अपघाताची वेळ, पहिली नाडी-बीपी आणि शेवटची, किती सलाईन, ट्रानेक्सॅमिक कधी दिलं, लघवी किती आणि रंग कोणता. माझ्याकडे अशी चिठ्ठी घेऊन रुग्ण आला तर मी दारातच ठरवू शकतो की आधी सीटी की आधी टेबल. आणि त्याला उचलून आणणारा वाटसरू घाबरून उभा असेल तर त्याला चौकशीत अडकवू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ त्याला संरक्षण देतं. नाव-गाव सांगायची सक्ती त्याच्यावर नाही.

ज्यांना घरी सोडाल त्यांना चोवीस तासांनी पुन्हा बोलवा, आणि काय झालं तर लगेच यायचं ते मराठीत, तोंडी, घरच्या एका शहाण्या माणसाला सांगा: पोटात वाढतं दुखणं, उलट्या, ताप, चक्कर, खांदा दुखणं, लघवीत रक्त, काळी शी. प्लीहा काही वेळा आठवड्यानेही फुटते. प्लीहेला चीर असून ऑपरेशनशिवाय बरा झालेल्याला साधारण तीन महिने कुस्ती, कबड्डी, उसाच्या मोळ्या उचलणं बंद.

त्या ट्रॉलीवाल्या मुलाची प्लीहा आम्हाला काढावी लागली. सोडण्यापूर्वी, चौदाव्या दिवशी, त्याला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिमोफिलसच्या लसी दिल्या. प्लीहा नसलेल्या माणसाला हे जंतू साध्या तापातून एका दिवसात गाठतात. एका कार्डावर मी लाल पेनाने लिहून दिलं: 'प्लीहा काढलेली आहे. ताप आल्यास त्याच दिवशी रुग्णालयात यावे.' दोन वर्षांनी तो रात्री अकराला कुडकुडत कॅज्युअल्टीत आला. केसपेपर काढायच्या आधी त्याने पाकिटातून ते कार्ड काढून टेबलावर ठेवलं, आणि ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरने पहिला अँटिबायोटिक डोस रिपोर्टची वाट न बघता दिला.